किनाऱ्यावरचे डब्ल्यूजी इंजिन: आधी शाकारणी, मग रंग

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका शिक्षणसंस्थेच्या आवारात ब्रॉडगेजचे एक वाफेचे मालवाहू इंजिन गेली अठरा वर्षे उघड्यावर उभे आहे. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या एका शिक्षिकेने छायाचित्रांसह सविस्तर पत्र लिहून मला तीन गोष्टी विचारल्या आहेत. या इंजिनाचा इतिहास काय, ते पुन्हा वाफेवर चालवता येईल का, आणि दरवर्षी रंग देऊनही ते गंजत का चालले आहे? संस्थेने यंदा ठेकेदार नेमून इंजिन घासून चकचकीत करण्याचे ठरवले आहे आणि शेजारी "याच इंजिनाने कोकणात मालगाड्या ओढल्या" अशी पाटी लावण्याचाही विचार आहे, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. मी १९७२ साली लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, म्हणून लागलो, पुढे बॉयलरमेकर झालो, आणि निवृत्तीनंतर पश्चिम किनाऱ्यावर जतन केलेली बरीच इंजिने आतबाहेर तपासली. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

सर्वांत तातडीची बाब आधी सांगतो. ठेकेदाराचे काम आजच थांबवावे. आपण पाठवलेल्या छायाचित्रांत चाकांना जोडणाऱ्या दांड्यांवर ठोकलेले आकडे दिसतात, आणि ग्राइंडर फिरला की ते एका दुपारीत नाहीसे होतील. या इंजिनाची एकमेव खात्रीची कागदपत्रे म्हणजे ते आकडे. शिवाय ज्या गंजाने इंजिन खाल्ले जात आहे तो मुख्यतः बाहेरच्या रंगाखाली नाही. तो आत, तळाशी, पाणी साचते तिथे आहे आणि घासून तो जाणार नाही.

आता इतिहास. पुढे एक लहान आस, मध्ये चार मोठे चालक आस आणि मागे पुन्हा एक लहान आस, सपाट दाराची धूरपेटी (बॉयलरच्या पुढच्या टोकाची, चिमणीखालची पेटी) आणि एकूण ठेवण पाहता हे डब्ल्यूजी वर्गाचे इंजिन आहे, याबद्दल मला शंका नाही. नावातला 'डब्ल्यू' ब्रॉडगेजसाठी, म्हणजे १,६७६ मिलिमीटर रुंदीच्या मार्गासाठी, आणि 'जी' मालवाहतुकीसाठी. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातील रेल्वेवर विलक्षण ताण पडला होता. तो भागवण्यासाठी अमेरिका आणि कॅनडातून आणलेल्या इंजिनांच्या वर्गनावांत 'ए' आणि 'सी' ही अक्षरे दिसतात. युद्ध संपल्यावर देशासाठी मोजकेच प्रमाणित वर्ग ठरवण्यात आले आणि त्यांत प्रवासी गाड्यांसाठी डब्ल्यूपी व मालगाड्यांसाठी डब्ल्यूजी हे दोन प्रमुख होते. डब्ल्यूजीची बांधणी १९५० ते १९७० या काळात झाली आणि एकूण २,४५० इंजिने तयार झाली. सुरुवातीची ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यातून आली, काही जर्मनी, इटली आणि जपानमधून आली, पण बहुतांश आपल्या चित्तरंजन कारखान्यात घडली. त्या कारखान्यातून बाहेर पडलेले पहिले इंजिन डब्ल्यूजीच होते. १९५० च्या नोव्हेंबरात ते पूर्ण झाले आणि देशबंधू चित्तरंजन दास यांच्या स्मरणार्थ त्याचे नाव 'देशबंधू' ठेवले गेले. ब्रॉडगेजसाठी देशात बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिनही याच वर्गातले, क्रमांक १०५६०, जून १९७० मध्ये पूर्ण झालेले. त्याचे नाव 'अंतिम सितारा'.

मालवाहू इंजिन वेगळे कसे, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगायचे असेल तर चाकापासून सुरुवात करावी. डब्ल्यूपीच्या चालक चाकाचा व्यास ५ फूट ७ इंच, डब्ल्यूजीचा ५ फूट १ १/२ इंच. चाक मोठे असेल तर दट्ट्याच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, चाक लहान असेल तर अंतर कमी पण ओढ जास्त. त्यात डब्ल्यूजीचे सिलिंडर २१ ७/८ इंच व्यासाचे, म्हणजे डब्ल्यूपीपेक्षा दीड इंचाहून रुंद. बॉयलरचा दाब दोन्हींत सारखाच, प्रति चौरस इंच २१० पौंड. हे आकडे आणि दट्ट्याच्या धावेची लांबी यांवरून डब्ल्यूजीची ओढशक्ती ३८,८९० पौंड येते, म्हणजे सुमारे साडेसतरा टन. डब्ल्यूपीची येते ३०,६०० पौंडांच्या आसपास. आठवी-नववीच्या मुलांना हे गणित फळ्यावर करता येईल आणि मग बाहेर जाऊन चाक मोजता येईल. दोरी लावून परीघ मोजला आणि व्यास काढला, तर झिजलेल्या चाकामुळे तो पुस्तकी आकड्यापेक्षा थोडा कमी भरेल. ती झीज इंजिनाने केलेल्या कामाचीच असते.

डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी यांचा बॉयलर एकाच आराखड्याचा होता, आणि आपल्या इंजिनाचा इतिहास शोधताना ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. ठरावीक काळाने इंजिन वर्कशॉपमध्ये संपूर्ण उघडले जाई, तेव्हा सर्वांत जास्त वेळ बॉयलरच्या दुरुस्तीला लागे. इंजिन तेवढा काळ अडकून पडू नये म्हणून दुसरा, आधीच दुरुस्त करून ठेवलेला बॉयलर त्यावर चढवला जाई. म्हणून एखाद्या डब्ल्यूजीच्या पाठीवर आज असलेला बॉयलर पूर्वी डाकगाडी ओढणाऱ्या डब्ल्यूपीवर बसवलेला असणे अगदी शक्य आहे. दांडे, झडपांचे दुवे, क्रॉसहेड (दट्ट्याचा दांडा आणि चालक दांडा जोडणारा भाग) यांचेही तेच. शेडमध्ये एक इंजिन मोडून पडले असेल तर त्याचा दांडा काढून दुसऱ्याला लावला जाई आणि गाडी वेळेवर सुटे. प्रत्येक सुट्या भागावर मूळ इंजिनाचा क्रमांक पोलादी ठशाने ठोकलेला असे, म्हणून कुठला भाग कुणाचा हे कळत राही. आपल्या छायाचित्रांतल्या दांड्यांवर मला निदान दोन वेगवेगळे क्रमांक दिसतात. याचा अर्थ इंजिन 'भेसळीचे' आहे असा कुणी लावू नये. वीस-पंचवीस वर्षे रोज कामाला जुंपलेले इंजिन असेच दिसते, आणि प्रदर्शनासाठी एका क्रमांकाने सजवलेल्या इंजिनापेक्षा ते अधिक खरे असते.

क्रमांक शोधण्याची रीत सोपी आहे, पण तिला धीर लागतो. केबिनच्या बाजूवरचा रंगवलेला क्रमांक सर्वांत कमी विश्वासाचा, कारण तो कुणीही, केव्हाही पुन्हा रंगवलेला असतो. त्याच्यापेक्षा चांगली ओतीव पाटी, पण ती जागेवर क्वचितच उरते. मुख्य सांगाड्याच्या पुढच्या टोकाला, सिलिंडरच्या आसपास, ठोकलेला क्रमांक मिळाला तर तो इंजिनाचा खरा क्रमांक मानावा. बॉयलरचा स्वतंत्र क्रमांक वेगळा नोंदवावा. ठशांवरचा ग्रीस आणि रंग लाकडी खरवडणीने आणि केरोसिनच्या बोळ्याने हलक्या हाताने काढावा, वरून खडू फासावा आणि सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात फोटो घ्यावा. आकडा उठून दिसतो. तारेचा ब्रश ठशावर चालवू नये. रंगाच्या थरांबाबतही हेच. केबिनच्या बाजूवर किंवा बफर बीमवर, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या आडव्या तुळईवर, एक वीतभर चौकोन निवडून तिथले थर एकेक करून पायऱ्यांसारखे उघडे करावेत आणि तो चौकोन पुन्हा कधीही न रंगवता वार्निशखाली जपावा. खालच्या थरात शेडची किंवा विभागाची अक्षरे सापडली तर हे इंजिन कुठून कुठे काम करत होते याचा तो पहिला पुरावा ठरेल.

आता पाटीचा प्रश्न. आपण योजलेले वाक्य लिहू नये, कारण ते खरे नाही. कोकणाचा वाफेशी संबंध फार जुना आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला पोहोचली आणि ठाणे हे कोकणच. परंतु घाटातला मुख्य मार्ग १९३० पर्यंत विजेवर गेला होता आणि तिथल्या मालगाड्या विजेची इंजिने ओढत होती, ज्यांना आपली माणसे 'खेकडा' म्हणत. डब्ल्यूजीचा जन्म त्यानंतर वीस वर्षांनी झाला. उत्तरेकडे विरारपर्यंत वीज १९३६ मध्येच आली. विरारच्या पुढे पालघर, डहाणूच्या पट्ट्यात मात्र वाफ पुढची अनेक वर्षे टिकली आणि कोकणभूमीवर डब्ल्यूजीचा शोध घ्यायचाच असेल तर तो तिथे घ्यावा. दक्षिणेला मुरगाव बंदरातून कॅसलरॉककडे चढणारा मार्ग मीटरगेजचा होता, तिथे हे इंजिन उभेही राहू शकले नसते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून जाणारा कोकण रेल्वेचा मार्ग सलग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ रोजी. तोवर देशातल्या ब्रॉडगेजवरची नियमित वाफ संपून दोन वर्षे झाली होती. तिची शेवटची गाडी डिसेंबर १९९५ मध्ये पंजाबात धावली. म्हणजे आपल्या जिल्ह्यात या इंजिनाने एकही मालगाडी ओढलेली नाही.

तरीही या इंजिनाचे आणि रत्नागिरीचे नाते आहे, आणि माझ्या मते ते पाटीवरच्या खोट्या वाक्यापेक्षा पुष्कळ मोठे आहे. आमच्या शेडमध्ये खलाशी, फायरमन, फिटर, कोळसा भरणारे यांतले कितीतरी जण संगमेश्वर, राजापूर, खेड, गुहागर या भागांतले होते. गणपतीला आणि शिमग्याला रजेचे अर्ज आले की फोरमनला पाळ्या लावणे कठीण होई. डब्ल्यूजीवर ड्रायव्हरच्या जोडीला दोन फायरमन असत, कारण एवढ्या मोठ्या भट्टीला हाताने कोळसा घालणे एका माणसाचे काम नव्हते. एक फावडे चालवी, दुसरा टेंडरमधला, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यातला, कोळसा फोडून पुढे ओढी. या माणसांपैकी काही आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढे आपापल्या गावी आहेत. घराच्या माळ्यावर त्यांच्या पत्र्याच्या लाइन बॉक्स असतील, त्यांत जुने रेल्वे पास, नियमपुस्तिका, क्वचित एखादी डायरीही असेल. विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे जाऊन बोलणे ध्वनिमुद्रित करावे. प्रश्न नेमके विचारावेत: कोणत्या शेडला होतात, कोणत्या वर्गाच्या इंजिनावर, चढावर आग कशी राखायची, पावसात भिजलेला कोळसा कसा पेटवायचा, बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणारी काच फुटली तर पहिले काय करायचे. "तेव्हाचे दिवस कसे होते" असे विचारले तर उत्तरही तसेच मोघम येते. पाटीवर इंजिनाचा वर्ग, बांधणी, खात्रीचे क्रमांक आणि "या जिल्ह्यातील माणसांनी अशी इंजिने चालवली आणि दुरुस्त केली" एवढे लिहिले तरी त्यातला शब्दन् शब्द खरा राहील.

पुन्हा वाफेवर चालवण्याबद्दल माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. १८५५ साली बांधलेली 'फेअरी क्वीन' १९९७ मध्ये पुन्हा धावली, आणि महायुद्धकाळातले 'विराट' हे अमेरिकी बांधणीचे मालवाहू इंजिन हरियाणातील रेवाडीच्या शेडने चालते ठेवले, ही उदाहरणे लोक नेहमी देतात. पण त्या इंजिनांमागे रेल्वेची वर्कशॉप, रूळ, प्रशिक्षित माणसे आणि रेल्वेची स्वतःची तपासणी यंत्रणा उभी आहे. रेल्वेच्या ताब्यातले लोकोमोटिव्ह बॉयलर १९२३ च्या बॉयलर कायद्याच्या कक्षेबाहेर होते, ते यामुळेच. आपले इंजिन खासगी आवारात आहे, तेव्हा त्यात दाब निर्माण करायचा तर राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडे जावे लागेल, आणि अठरा पावसाळे उघड्यावर काढलेला हा बॉयलर कोणत्याही तपासणीत उत्तीर्ण होईल असे मला वाटत नाही. फायरबॉक्सच्या, म्हणजे भट्टीच्या, दोन भिंतींना जोडणारे शेकडो स्टे (लोखंडी खिळे) असतात. ते गंजून आत तुटलेले असले तरी बाहेरून दिसत नाहीत, हातोडीच्या आवाजावरून ओळखावे लागतात. वातावरणाच्या दाबाला पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १,६०० पट होते, त्यामुळे दाबाखालचा बॉयलर फाटला तर काय होते ते मी लिहून सांगण्याची गरज नाही. आणि समजा, सर्व बदलले, नवा फायरबॉक्स, नव्या नळ्या, नवे पत्रे घातले, तर ज्या इंजिनाचा पुरावा आपण जपायला निघालो त्यातले उरेल काय? "थोडीशी वाफ, फक्त शिट्टीपुरती" असा आग्रह कुणी धरला तर तोही मोडून काढावा. शिट्टी कॉम्प्रेसरच्या हवेवर, बॉयलरपासून पूर्ण वेगळी करून वाजवता येते.

आता गंजाकडे वळतो, कारण माझ्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते लोखंडावर बसतात आणि हवेतला ओलावा ओढून घेतात. साधे मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला स्वतःच विरघळते, समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच. आपल्या किनाऱ्यावर हवा इतकी कोरडी कधी होते? म्हणजे डोळ्यांना कोरडे दिसणारे इंजिन प्रत्यक्षात बारमाही ओले असते. त्यावर रंग दिला की मीठ रंगाखाली कोंडले जाते, गंज चालूच राहतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेत असल्यामुळे रंग फुगतो, पत्र्यांचे सांधे उघडतात, रिव्हेटांची डोकी उडतात. एका किनारी गावात मी असे एक इंजिन पाहिले होते, जे दर पंधरा ऑगस्टच्या आधी नेमाने रंगवले जाई. बाहेरून ते आरशासारखे होते. धूरपेटीच्या तळाला मी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. त्या गावातल्या लोकांची इंजिनावर माया होती, दरवर्षीचा खर्च ते वर्गणीतून करत होते. त्यांना कुणी आत वाकून बघायला सांगितले नव्हते, एवढेच.

धूरपेटी आधी का जाते, याचे कारण रसायनात आहे. कोळशात गंधक असते, ते राखेत आणि काजळीत उरते. चिमणीतून पावसाचे पाणी आत आले की ती राख भिजते, आम्ल तयार होते आणि तळाचा पत्रा खाल्ला जातो. राखपेटी, फायरबॉक्सच्या खालच्या कडा, टेंडरच्या कोळशाच्या खणाचा तळ, या सगळ्यांचे दुखणे तेच. म्हणून पहिले काम: चिमणीवर टोपी बसवावी, आतली राख, काजळी आणि टेंडरमधला कोळशाचा चुरा शेवटच्या मुठीपर्यंत काढावा, आणि जिथे जिथे पाणी साचते तिथे त्याला बाहेर पडायला वाट करून द्यावी. टेंडरच्या पाण्याच्या टाकीचा तळ बहुधा गाळाने भरलेला असतो. तो उपसून झाकण बसवावे. बॉयलरच्या तळाचे वॉशआउट प्लग, म्हणजे धुण्यासाठीची बुचे, उघडून गाळ धुऊन काढावा. वर्कशॉपमध्ये कोरडा ठेवायचा बॉयलर कळीच्या चुन्याची तबके आत ठेवून घट्ट बंद करण्याची पद्धत होती, पण तिला बॉयलर निर्दोष असावा लागतो. गळक्या बॉयलरला बंद करून आत दमट हवा कोंडण्यापेक्षा प्लगच्या जागी बारीक जाळ्या लावून तो वाहत्या हवेत मोकळा ठेवणे आपल्या परिस्थितीत बरे.

यानंतर छप्पर. किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवतात. ज्या माणसांनी लाकडी होडीसाठी हे शेकडो वर्षे केले त्यांच्या गावात शंभराहून अधिक टनांचे लोखंड उघड्यावर भिजत ठेवावे, हे मला कधीच पटलेले नाही. एका वर्षाच्या रंगाचा पैसा बाजूला ठेवून आधी छपराचा पाया घालावा, असे माझे संस्थेला आग्रहाचे सांगणे आहे. छप्पर उंच हवे, हवा खेळती हवी, आणि नैर्ऋत्येच्या बाजूची वळचण खाली उतरलेली हवी, कारण आपला पाऊस आडवा येतो. मृगाच्या आधी त्या बाजूला झडी लावाव्यात, झावळ्यांच्या चालतील, जाड कापडाच्या चालतील, आणि पावसाळा संपला की काढून टाकाव्यात. चारही बाजूंनी बंद केलेली पत्र्याची खोली करू नये, तिच्यात घाम धरतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात किती पत्रे उडाले ते आपण पाहिले आहे, म्हणून छपराचा सांगाडा आणि त्याची जमिनीतली पकड जाणत्या स्थापत्य अभियंत्याकडूनच ठरवून घ्यावी.

छपराची एक बाजू फार थोड्यांना ठाऊक असते. उघड्यावरच्या लोखंडावरचे मीठ पाऊस निदान धुऊन तरी नेतो. छपराखाली मीठ बसते आणि तिथेच साठते. त्यामुळे छप्पर झाल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुण्याची जबाबदारी आपल्यावर येते. दसऱ्याच्या सुमारास एकदा आणि फेब्रुवारीत एकदा, साध्या नळीने, कमी दाबाने, वरून खाली धुवावे आणि कोरड्या वाऱ्याच्या दिवसाची निवड करावी. जोराचा फवारा आसांच्या पेट्यांत आणि सांध्यांत मारू नये. पाणी कुठले वापरता हे मात्र तपासून घ्यावे. किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरी आणि बोअर उन्हाळ्यात मचूळ होतात आणि अशा पाण्याने धुणे म्हणजे मीठ नव्याने लावणे. शाळेच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेट असतेच. पाण्याच्या नमुन्यात दोन थेंब टाकून ते दुधाळ झाले तर ते पाणी वापरू नये. धुऊन झाल्यावर पत्र्यावरून डिस्टिल्ड पाण्याचा बोळा फिरवून त्याचीही अशीच परीक्षा घ्यावी, म्हणजे मीठ खरेच गेले की नाही ते समजेल.

रंग त्यानंतर. हाताने खरवडलेल्या पृष्ठभागावर झिंकयुक्त प्रायमर धरत नाही. त्याला वाळूच्या माऱ्याने उघडे केलेले लोखंड लागते, आणि तो मारा झिजलेल्या पत्र्यांवर, रिव्हेटांवर आणि ठशांवर मी करू देणार नाही. हाताने साफ केलेल्या जुन्या लोखंडासाठी बनवलेला इपॉक्सी प्रायमर वापरावा, त्यावर काळा. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी असल्यामुळे कोरडे घासू नये, ओले करूनच घासावे आणि मुलांना त्या कामात घेऊ नये. चालक दांडे, क्रॉसहेड, दट्ट्याचा दांडा या मूळच्या उजळ भागांवर चंदेरी रंग फासण्याची आपल्याकडे सवय आहे. ती सोडावी आणि गंजरोधक मेणाचा किंवा लॅनोलिनचा पातळ लेप वर्षातून दोनदा द्यावा. वापरलेले काळे इंजिन ऑइल फुकट मिळते म्हणून लावतात, पण त्यात आम्ले असतात, धूळ चिकटते आणि ते कातडीलाही घातक.

एका बाबतीत मात्र स्वतः काहीही करू नये. बॉयलरवरच्या पत्र्याच्या आवरणाखाली उष्णता राखण्यासाठी जो थर असतो, त्यात अॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे. तो थर स्पंजासारखा खारे पाणी धरून ठेवतो आणि बॉयलरचा पत्रा खालून खातो, म्हणून तो निघायला हवा हे खरे. पण ते काम प्रशिक्षित माणसांनीच, आवार बंद करून, ओले करून करायचे असते. आपल्या तिसऱ्या छायाचित्रात आवरणाचा पत्रा फाटून आतला पांढुरका थर बाहेर आलेला दिसतो. तिथे आजच जाड प्लास्टिक गुंडाळून चिकटपट्टीने बंद करावे आणि इंजिनाभोवती दोरी बांधून मुलांचे चढणे-उतरणे थांबवावे.

पाया कसा आहे हे छायाचित्रांत नीट दिसत नाही, तरी चाके काँक्रीटमध्ये रुतवलेली असतील तर ती मोकळी करावी लागतील. जांभ्याच्या चौथऱ्यात पाणी मुरते आणि बाजूने झिरपत राहते. रूळ, स्लीपर आणि खाली निचऱ्याची खडी हीच इंजिनासाठी योग्य बैठक. केबिनमध्ये उरलेले पितळी प्रेशर गेज, इंजेक्टरचे (बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या साधनाचे) भाग, पाण्याच्या काचेची चौकट आणि असल्यास शिट्टी काढून, यादी करून, शाळेच्या कपाटात कुलपात ठेवावी. किनाऱ्यावर पितळ गंजते त्याच्या कितीतरी आधी चोरीला जाते.

यंदाच्या मृगापर्यंत सगळे होणार नाही. तेवढ्या अवधीत चिमणीची टोपी, राखेची सफाई, टेंडरचे झाकण, फाटलेल्या आवरणाचे बंदिस्तीकरण आणि नैर्ऋत्येला तात्पुरती झावळ्यांची शाकारणी एवढे करून घ्यावे. ठशांचे फोटो मला पाठवावेत, दांड्यांचे दोन्ही बाजूंचे आणि सांगाड्याच्या पुढच्या टोकाचे. पावसाळा उतरल्यावर मी स्वतः हातोडी घेऊन येईन आणि फायरबॉक्समध्ये उतरून स्टे वाजवून पाहीन. आपल्या वरच्या वर्गातली दोन-चार धीट मुले बाहेर वही घेऊन बसली, तर प्रत्येक स्टेचा आवाज त्यांना नकाशावर नोंदवता येईल.